उघडकीस न आलेला खून: प्रकरण जिवंत कसं ठेवायचं आणि कुटुंबामागे कसं उभं राहायचं

खुनाच्या गुन्ह्याला मुदत नसते. न्यायालयाने दखल घेण्याची कालमर्यादा तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरती आहे, खून त्यात बसत नाही. वीस वर्षांनी आरोपी सापडला तरी खटला उभा राहतो. हे झालं कायद्यातलं. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्षात तपासी अंमलदाराची बदली होते, नवा माणूस येतो, त्याच्या टेबलावर त्या आठवड्यातले गुन्हे असतात आणि जुनी फाइल कपाटात खाली खाली जाते. ती वर काढायला बाहेरून कुणीतरी नेटाने विचारत राहावं लागतं.

विचारण्याच्या दोन बाजू आहेत. एक पोलीस आणि न्यायालयासमोरची, कागदाची. दुसरी लोकांसमोरची. बहुतेक कुटुंबं आणि त्यांचे मित्र दुसरीपासून सुरुवात करतात: मेणबत्ती मोर्चा, फलक, समाजमाध्यमांवरची मोहीम. दहा दिवस गर्दी होते, अकराव्या दिवशी शांतता. क्रम उलटा हवा. कागद हातात नसताना केलेल्या मोहिमेत लोकांना नेमकं काय विचारायचं हेच ठरलेलं नसतं.

खाली दिलेली पद्धत महाराष्ट्रातल्या कामकाजाला धरून आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. त्याआधी घडलेल्या खुनाच्या गुन्ह्याला दंड संहितेचं जुनं कलम ३०२ लागतं, नंतर घडलेल्या गुन्ह्याला न्याय संहितेचं कलम १०३. अर्जात चुकीचं कलम लिहिलं म्हणून अर्ज मरत नाही, पण बरोबर लिहिलं की समोरचा जरा सरळ बसतो.

आधी कागद

एक फाइल करा. सगळ्यात वर एकच पान: पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, कलमं, घटनेची तारीख, गुन्हा नोंदल्याची तारीख, आजवरच्या सगळ्या तपासी अंमलदारांची नावं आणि त्यांच्या कार्यकाळाच्या तारखा. गुन्हा रजिस्टर नंबरशिवाय केलेला अर्ज बारनिशीत (आवक-जावक कक्षात) पडून राहतो, कारण तो कोणत्या फाइलला लावायचा हे तिथल्या कारकुनाला कळत नाही.

त्याखाली एफआयआरची प्रत. फिर्यादीला किंवा पीडिताला ती विनामूल्य द्यावी लागते, आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मृताचे कायदेशीर वारस ‘पीडित’मध्ये येतात. संवेदनशील म्हणून वगळलेले गुन्हे सोडले तर ती पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही उतरवता येते. मग शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि मिळाल्यास घटनास्थळ पंचनाम्याची प्रत. केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची रोजची नोंदवही, मागू नका. ती फिर्यादीलाही मिळत नाही, आणि ती मागितल्याने बाकीच्या रास्त मागण्याही रेंगाळतात.

एफआयआर हातात आली की पहिली नजर फिर्यादीच्या नावावर टाका. मृतदेह शेतात, कालव्यात, रस्त्याकडेला सापडला असेल तर फिर्यादी बऱ्याचदा पोलीस पाटील किंवा स्वतः पोलीस कर्मचारी असतो. तपास थांबवण्याचा अहवाल न्यायालयात गेला की नोटीस फिर्यादीला जाते. कुटुंब फिर्यादी नसेल तर त्यांना काहीच न कळता प्रकरण थांबू शकतं. त्यामुळे ‘आम्ही मृताचे वारस आहोत, आमचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक हा, प्रत्येक टप्प्याची सूचना आम्हालाही द्यावी’ असा अर्ज पहिल्याच महिन्यात पोलीस ठाण्यात द्या आणि त्याची एक प्रत संबंधित प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयातही दाखल करा. एका पानाचं काम आहे, आणि सर्वांत जास्त राहून जातं ते हेच.

माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. ‘तपास चालू आहे, कलम ८(१)(ज)’ असं छापील उत्तर येईल. तपास चालू असणं एवढंच कारण पुरेसं नाही, माहिती दिल्याने तपासात नेमका अडथळा कसा येतो हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पहिल्या अपिलात हा मुद्दा लिहा. मात्र माहिती अधिकारात जबाब, संशयितांची नावं मागू नका. तारखा मागा: मुद्देमाल प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पाठवला, अहवाल कोणत्या तारखेला आला, शेवटचा जबाब कोणत्या तारखेला नोंदवला. तारखा द्यायला कुणाची फारशी हरकत नसते आणि तपास कुठे थबकला ते तारखांवरूनच दिसतं.

‘अ समरी’ म्हणजे काय, आणि ती आली की काय करायचं

आरोपी सापडत नाही असं पोलिसांना वाटलं की ते न्यायालयात समरी अहवाल पाठवतात. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी. ‘क’ म्हणजे खरी-खोटी ठरवता येत नाही, गैरसमज किंवा दिवाणी स्वरूपाची. न उलगडलेल्या खुनात बहुधा ‘अ’ येते. ती मंजूर झाली तरी गुन्हा संपत नाही, नवा पुरावा आला की पुढचा तपास करता येतो (जुनं कलम १७३(८), नवं १९३(९)). पण मंजुरीनंतर त्या फाइलला रोजचा मालक उरत नाही.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी अहवाल मान्य करण्याआधी फिर्यादीला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंतसिंग विरुद्ध पोलीस आयुक्त, दिल्ली या निकालात ठरवलं. त्याच निकालानुसार मृताच्या नातेवाइकाला नोटिशीचा हक्क नसला, तरी तो सुनावणीला हजर झाला तर त्याचं ऐकावं लागतं. म्हणून वर सांगितलेला सूचनेचा अर्ज.

नोटीस आली की आधी नक्कल अर्ज करून समरीच्या कागदांची प्रमाणित प्रत घ्या. मग लेखी हरकत दाखल करा; वकील तिला प्रोटेस्ट पिटिशन म्हणतात. ‘आम्हाला न्याय मिळाला नाही’ एवढ्या वाक्याने न्यायालयाला काही करता येत नाही. काय करायचं राहिलं ते लिहा: अमुक साक्षीदाराचा जबाब घेतला नाही, मृताच्या मोबाइलचे कॉल तपशील मागवले पण त्यातल्या शेवटच्या तीन क्रमांकांच्या मालकांकडे चौकशी नाही, नखांखालचे नमुने घेतल्याचं शवविच्छेदनात आहे, पण त्यांचा प्रयोगशाळेचा अहवाल कागदांत नाही. असे पाच ठोस मुद्दे असतील तर पुढील तपासाचा आदेश मिळण्याची शक्यता खरी असते.

पाठपुराव्याचं पत्र

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १९३(३) प्रमाणे तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, मोबाइलवर संदेश पाठवूनही चालतं. जुन्या कायद्याखालच्या गुन्ह्यातही हाच नव्वद दिवसांचा ताल धरून पत्र द्यायला काहीच अडचण नाही. दर आठवड्याला ठाण्यात जाऊन बसण्यापेक्षा तीन महिन्यांनी एक नेमकं पत्र जास्त काम करतं. रोज दिसणाऱ्या माणसाची सवय होते आणि ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’ हे उत्तर तयार असतं.

पत्र एका पानाचं, प्रश्न तीन. चौथा प्रश्न लिहिला की सगळ्याच प्रश्नांचं उत्तर ‘तपास सुरू आहे’ असं एकत्र येतं. मूळ पत्र तपासी अंमलदाराला, प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याला (शहरात सहायक आयुक्ताला) आणि पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्ताला. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती फाइलला लावा. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर याचिकेचा कणा म्हणजे या पोचा. तोंडी भेटींचा तिथे काही उपयोग होत नाही.

अधिकारी बदलला की पंधरवड्यात नव्या अधिकाऱ्याची भेट मागा. सोबत दोन पानांचा घटनाक्रम न्या: तारीख, वेळ, काय झालं, हे कुणाला माहीत आहे. मृताच्या शेवटच्या ४८ तासांचा तक्ता तासातासाने करा आणि जिथे माहिती नाही तिथे रकाना मोकळा सोडा. मोकळे रकाने दिसले पाहिजेत, तपासाची दिशा तिथूनच मिळते. आरोप, जुनी भांडणं, जमिनीचा वाद यांचं वेगळं पान करा. घटनाक्रमात मतं मिसळली की वाचणारा अधिकारी सगळ्याच कागदाला मत समजतो.

पुरावा टिकतो का, ते विचारा

जुनी प्रकरणं पुष्कळदा मुद्देमालावर उलगडतात किंवा मुद्देमालावरच कायमची संपतात. रक्ताचे, घामाचे डाग असलेले कपडे सुकवून कागदी पाकिटात ठेवावे लागतात. प्लॅस्टिकमध्ये ओलावा कोंडतो, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत गळती, उंदीर, जागेची टंचाई हे सगळं असतं. समरी मंजूर झाल्यावर मुद्देमालाची विल्हेवाट लावण्याचा आदेश होण्याचा धोकाही असतो. म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र अर्ज करा: या गुन्ह्यातला कोणताही जैविक नमुना, कपडे, हत्यार, मोबाइल नष्ट करू नये आणि नष्ट करायचा प्रस्ताव आल्यास आम्हाला आधी ऐकावं. पोलिसांना पत्रात विचारा की मुद्देमाल पावती क्रमांक कोणता, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे काय पाठवलं, तिथून काय परत आलं. ठाण्यात या अहवालाला ‘सीए (केमिकल अॅनालायझर) रिपोर्ट’ म्हणतात, त्याच नावाने विचारा.

काही गोष्टी घड्याळावर चालतात. बहुतेक सीसीटीव्ही यंत्रं दोन ते चार आठवड्यांत जुन्या चित्रणावर नवं चढवतात. पहिल्याच आठवड्यात गल्लीतल्या, पेट्रोल पंपावरच्या, टोलनाक्यावरच्या कॅमेऱ्यांची यादी करून पोलिसांना लेखी द्या आणि मालकांना चित्रण पुसू नका अशी विनंती करा. स्वतः पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं तर ते माहितीसाठी ठीक, पण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं (आता साक्ष अधिनियमाचं कलम ६३, पूर्वी ६५ ब), तेव्हा जप्ती पोलिसांकडूनच व्हावी. मोबाइल कंपन्यांना कॉलचे तपशील किमान दोन वर्षं ठेवायची अट २०२१ च्या अखेरीस आली. त्याआधी ती एक वर्षाची होती. म्हणजे पहिल्या वर्षातच विचारून घ्यायचं: कॉल तपशील मागवले का, घटनास्थळाच्या टॉवरचा तपशील घेतला का?

लोकांपर्यंत जाणं: गर्दी नको, एक माणूस हवा

न उलगडलेल्या खुनाबद्दल काहीतरी माहीत असलेला माणूस जवळजवळ नेहमी असतो. त्या वेळी तो बोलला नाही, कारण आरोपी नवरा होता, भागीदार होता, गावातला वजनदार माणूस होता. पाच वर्षांनी घटस्फोट झालेला असतो, भागीदारी तुटलेली असते, वजन उतरलेलं असतं. जनजागृती करायची ती या माणसासाठी. नेदरलँड्समध्ये न उलगडलेल्या खुनांची दिनदर्शिका तुरुंगांमध्ये वाटतात, ती याच हिशेबाने: आत असलेल्यांनी बाहेरचं बरंच ऐकलेलं असतं. आपल्याकडे मोहिमा आखताना उलट ‘किती लाख लोकांनी पाहिलं’ हे मोजलं जातं. मुंबईतल्या दोन लाख लोकांनी पाहिलेल्या चित्रफितीपेक्षा घटनास्थळाच्या पाच किलोमीटर परिघात लावलेली चाळीस पत्रकं जास्त मोलाची.

पत्रकात प्रश्न एकच आणि नेमका हवा. ‘कुणाला काही माहिती असल्यास कळवावे’ याला उत्तर येत नाही, कारण आपल्याला जे माहीत आहे ती ‘माहिती’ आहे हे माणसाच्या लक्षातच येत नाही. त्याऐवजी: ‘जत्रेच्या आदल्या रात्री ९ ते ११ च्या दरम्यान धरणाच्या रस्त्यावर उभी असलेली निळी मोटारसायकल तुम्ही पाहिली होती का?’ तारखा लोकांच्या डोक्यात राहत नाहीत. जत्रा, बाजाराचा दिवस, दहावीचा निकाल, गावातली लाइट गेलेली रात्र राहते. तारखेच्या शेजारी अशी खूण लिहाच. तो प्रश्न छापण्याआधी तपासी अंमलदाराला दाखवा; त्यात काही उघड करायचं नसेल तर तो सांगेल.

कागद ए-फोर आकाराचा, काळा-पांढरा, म्हणजे कुणालाही झेरॉक्स काढता येईल. चेहऱ्याचा सरळ, हसरा, एकट्याचा फोटो, निदान आठ सेंटिमीटर रुंद. लग्नाच्या गटफोटोतून कापलेला धूसर फोटो लावू नका. मथळ्याची अक्षरं दोन सेंटिमीटर उंच, पाच-सहा पावलांवरून वाचता यावीत. एकूण मजकूर साठ शब्दांत. खाली पोलीस ठाण्याचा आणि अधीक्षक कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक, गुन्हा रजिस्टर नंबर आणि ‘नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येईल’ हे वाक्य, अर्थात पोलिसांशी बोलून घेतल्यावरच. कुटुंबाचा मोबाइल क्रमांक नको. तो छापला की महिनाभर रात्री-अपरात्री फोन येतात: पैसे मागणारे, देवऋषी, ‘मी आरोपीला ओळखतो, आधी पाच हजार पाठवा’ म्हणणारे.

पहिल्या फेरीला दोनशे प्रती पुरतात. एसटी स्थानक, रिक्षाथांबे, ढाबे, केशकर्तनालयं, दूध संकलन केंद्र, आठवडी बाजार, वीटभट्ट्या, ऊसतोड कामगारांच्या टोळ्या. शेवटच्या दोन ठिकाणांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. हंगामी मजूर घटनेच्या वेळी तिथे असतात आणि पोलीस जबाब घ्यायला पोचेपर्यंत गाव सोडून गेलेले असतात; पुढच्या हंगामात ते परत येतात तेव्हा पत्रक तिथे असलं पाहिजे. दुकानदाराला विचारून आतल्या बाजूला लावा, ऊन-पावसाने टिकत नाही. बाहेर लावायचं तर प्लॅस्टिकच्या पाकिटाचं तोंड खाली ठेवा, वर ठेवलं की पाणी भरतं. सार्वजनिक भिंती, विजेचे खांब टाळा: मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा १९९५ चा आहे आणि गुन्हा कुटुंबाच्याच नावावर लागतो. ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची लेखी परवानगी घेतली तर त्यांच्या सूचनाफलकावर जागा मिळते. पंधरा दिवसांनी फेरी मारून फाटलेली बदला.

मोर्चा किंवा मूक सभा करायची असेल तर ठाण्यात आधी अर्ज द्या. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा जमावबंदीचा आदेश जिल्ह्यात कधी लागू असेल याचा नेम नसतो.

काय छापायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे. हत्यार कोणतं, वार किती आणि कुठे, मृतदेह कसा पडला होता, अंगावरची कोणती वस्तू गायब आहे, यातलं काहीही पोलिसांना विचारल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका. हे फक्त खुन्याला माहीत असतं. कबुली देणारा खरंच तोच आहे का, हे या तपशिलांवर तपासलं जातं. एकदा ते व्हॉट्सअपवर फिरले की ती कसोटी कायमची गेली. घटनास्थळाचे, मृतदेहाचे फोटो तर नाहीच नाही.

संशयिताचं नाव आणि फोटोही नाही, कितीही खात्री असली तरी. बदनामीचा दावा (न्याय संहितेचं कलम ३५६) हा त्यातला लहान धोका आहे. मोठा धोका ओळख परेडचा. साक्षीदाराने आरोपीचा फोटो आधी मोबाइलवर पाहिला होता, एवढं बचाव पक्षाच्या वकिलाने दाखवलं की ओळख परेडची किंमत जवळपास शून्य होते. रागाच्या भरात टाकलेल्या एका पोस्टने खरा आरोपी सुटू शकतो.

खुनाबरोबर लैंगिक अत्याचार असेल तर मृताचं नाव आणि फोटोसुद्धा छापता येत नाही. ती व्यक्ती हयात नसली तरी ओळख उघड करणं गुन्हा आहे (कलम ७२, जुनं २२८ अ). निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की नातेवाइकांची संमतीही पुरेशी नाही, गरज असेल तर तो निर्णय सत्र न्यायालय करेल. मूल असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आणि बाल न्याय कायदाही लागतो. अशा प्रकरणात पत्रकावर ठिकाण, वेळ आणि प्रश्न एवढंच ठेवा.

सातत्याचं महाराष्ट्रातलं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचं आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात विठ्ठल रामजी शिंदे पुलावर खून झाला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर जमत राहिले. त्याच वेळी न्यायालयातली लढाई चालू होती. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला आणि १० मे २०२४ ला विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं. जवळपास अकरा वर्षं. ठरलेली तारीख, ठरलेली जागा आणि सोबत न्यायालय, ही जोडी लहान गावातल्या अनोळखी माणसाच्या प्रकरणातही जमते. महिना झेपत नसेल तर वर्षातून दोनदा, पण चुकवायचं नाही. त्या दिवसाच्या आठवडाभर आधी स्थानिक वार्ताहराला एक पान, एक फोटो आणि बोलणाऱ्या एकाच व्यक्तीचा क्रमांक द्या. आदल्या दिवशी दिलेलं टिपण आतल्या पानावर चार ओळींत जातं.

गुन्हेकथा सांगणाऱ्या यूट्यूब वाहिन्यांशी जपून वागा. त्यांना होकार द्यायचाच तर लेखी अटी घाला: संशयितांची नावं नाहीत, मृताच्या चारित्र्यावर तर्क नाहीत, चित्रफितीखाली पोलीस ठाण्याचा क्रमांक. ज्याला या अटी जड वाटतात त्याला प्रकरणात रस नाही. समाजमाध्यमांवर पान किंवा गट चालवत असाल तर प्रतिक्रिया तपासून मगच दिसतील अशी सोय ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी कुणीतरी शेजाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं.

माहिती आली तर

एक वही ठेवा. दिनांक, वेळ, क्रमांक, सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे. अर्थ लावून लिहू नका. ‘तुम्हाला हे कसं कळलं, स्वतः पाहिलं की ऐकलं?’ एवढा एकच प्रश्न विचारा. सुचवणारे प्रश्न नकोत. ‘ती गाडी निळी होती ना?’ म्हटलं की ती निळीच होते. चोवीस तासांत लेखी स्वरूपात तपासी अंमलदाराला द्या आणि पोच घ्या. संदेश व्हॉट्सअपवर आला असेल तर स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ संदेश आणि तो फोन जपा. फोन बदलला, संदेश आपोआप पुसले गेले की पुरावा गेला. स्वतः जाऊन ‘खात्री’ करू नका. संशयित सावध होतो, साक्षीदार घाबरतो आणि पुढे ‘नातेवाइकांनी साक्षीदार शिकवला’ हा आरोप तयार होतो.

माणूस बोलायला तयार आहे पण घाबरतो, असं असेल तर त्याला दोन गोष्टी सांगा. जबाब थेट न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवता येतो (कलम १८३, जुनं १६४). आणि साक्षीदार संरक्षण योजना २०१८ खाली संरक्षणासाठी अर्ज करता येतो. निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते.

बक्षीस जाहीर करायचं असेल तर ते पोलिसांमार्फतच. रक्कम कशासाठी मिळणार, अटकेसाठी की दोषसिद्धीसाठी, हे स्पष्ट नसेल तर पुढे वाद होतो आणि बक्षिसाच्या आशेने आलेला साक्षीदार उलटतपासणीत टिकत नाही.

कुटुंबामागे उभं राहणं

पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. खरी गरज तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते, तेव्हा कुणी नसतं. मदत करणाऱ्यांनी आपापसांत कामं वाटून घ्यावीत: एकाने पोलीस-न्यायालय, एकाने बँक, विमा, वारस दाखला, शिधापत्रिका, एकाने मुलांची शाळा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्यावर कुणी सांगत नाही. ‘गुरुवारी तहसील कचेरीत मी येतो, कागद तयार ठेवा’ असं म्हणावं. मृताचा मोबाइल, दागिने, वाहन जप्तीत असेल तर सुपूर्तनाम्यावर (वस्तू जपण्याची लेखी हमी देऊन) परत मिळण्याचा अर्ज न्यायालयात करता येतो. पण जिचा तपासाला अजून उपयोग आहे ती वस्तू मागण्याची घाई नको.

पोलीस घरच्यांचीही चौकशी करतात, कधी वारंवार. जवळच्यांपासून सुरुवात करणं हा तपासाचा रिवाज आहे, हे कुटुंबाला आधीच सांगितलं तर धक्का कमी बसतो. चौकशीला बोलावलेल्या बाईसोबत कुणीतरी जावं. गावात मात्र त्याच चौकशीवरून कुजबुज सुरू होते, आणि मृत स्त्री असेल तर चारित्र्यावर घसरते. तिथे गप्प बसणं हीच कुजबुजीला मदत असते. ‘कुणाला काही माहीत असेल तर ठाण्यात जाऊन सांगा’ हे एक वाक्य जागच्या जागी बोललं तरी पुरतं.

भेटीला गेल्यावर ‘तपास कुठवर आला?’ हा पहिला प्रश्न विचारू नका. दिवसातून चार जण तेच विचारतात आणि उत्तर तेच असतं. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला, त्याच्या आठवणी काढा. ‘आता विसरून पुढे चला’, ‘देवाच्या दरबारात न्याय होईल’ ही वाक्यं ऐकणाऱ्याला दार लावून घेतल्यासारखी लागतात. लहान मुलांपासून ‘खून’ हा शब्द लपवला तरी तो त्यांना शाळेत कळतो, तोही वाईट तपशिलांसह. घरातल्या विश्वासाच्या माणसाने थोडक्यात, खरं आणि वयाला पेलेल एवढं सांगावं. त्यांच्या वर्गशिक्षकांशीही बोलून ठेवावं.

पाठपुरावा करणारा माणूस थकतो. झोप उडते, नोकरी सुटते, घरातल्यांशी भांडणं होतात. एकच व्यक्ती सगळं ओढत असेल तर दुसरी तयार करा आणि दर सहा महिन्यांनी जबाबदारी बदला. फाइल नीट असेल तर ते जमतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मराठीतही बोलता येतं. पुण्यतिथी, वाढदिवस, समरीची नोटीस आलेला दिवस आणि टीव्हीवर तशाच दुसऱ्या खुनाची बातमी चालू असलेले दिवस जड जातात. त्या दिवशी कुणीतरी घरी असावं.

पैशाचं बोलायला लाज वाटते, पण ते पहिल्या महिन्यातच बोला. आरोपी सापडला नाही, खटलाही चालला नाही तरी नुकसानभरपाई मागता येते: नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६(४), जुनं ३५७ अ(४). अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं. सोबत एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, अवलंबून असलेल्यांची नावं-वयं, मृताच्या उत्पन्नाचा पुरावा, बँक खात्याचा तपशील. कायद्यात चौकशी दोन महिन्यांत संपवायची तरतूद आहे. योजनेला मुदत असते, म्हणून थांबू नका. उशीर झालाच असेल तर कारण अर्जात लिहा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. चौकशीसाठी क्रमांक १५१००. ‘आरोपी सापडल्यावर या’ असं कुणी म्हणालं तर पोटकलम (४) दाखवा आणि नकार लेखी मागा.

वरच्या पायऱ्या

स्थानिक ठाण्याकडून हालचाल थांबली असेल तर अधीक्षकांकडे स्थानिक गुन्हे शाखेला समांतर तपास देण्याची मागणी करा. त्यानंतर राज्य गुन्हे अन्वेषण विभाग किंवा विशेष तपास पथक, आणि शेवटी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका. उच्च न्यायालय राज्याच्या संमतीशिवायही सीबीआयला तपास देऊ शकतं, पण ते अपवादानेच करतं. ‘सीबीआय हवी’ हीच एक मागणी घेऊन गेलात तर याचिका फेटाळली जाण्याची शक्यता मोठी. पर्यायी मागण्या लिहा: वरिष्ठ अधिकाऱ्याची देखरेख, ठरावीक मुदतीत प्रगती अहवाल, प्रलंबित प्रयोगशाळा अहवाल मागवण्याचा आदेश. यातलं काही ना काही मिळतं.

आणि अटक झाली तर त्याच दिवशी पत्रकं काढून घ्या, पानावरच्या प्रतिक्रिया बंद करा आणि आरोपीचा चेहरा कुणी टाकला तर पुसायला लावा, कारण ओळख परेड अजून व्हायची असते. आलेल्या माहितीची वही आणि मूळ फोन तपासी अंमलदाराला पावती घेऊन द्या. कुटुंबाच्या वकिलाला सरकारी वकिलाला साहाय्य करण्याची परवानगी मागता येते. जामिनाच्या सुनावणीतही पीडिताला ऐकून घ्यायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जगजीत सिंग प्रकरणात म्हटलं आहे. जामीन अर्जाची पहिली तारीख चुकू नये म्हणून वकीलपत्र अटकेच्या आठवड्यातच दाखल करा.